डॉक्टर, हा विषय तुम्हीच काढा

महाराष्ट्रातल्या कॅन्सर रुग्णालयांत काम करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी रेडिएशन विभागात सिस्टर आहे. ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे आतून रेडिएशन द्यायच्या, टेबलाशी तुमच्यासोबत उभी राहते, फॉलोअपच्या ओपीडीत पेशंटला आत घेते, बाहेर सोडते. तुम्ही किती राबता हे मला कुणी सांगायला नको. दुपारचे तीन वाजून जातात तरी तुमचा डबा उघडलेला नसतो आणि बाहेर बाकांवर माणसं बसलेलीच असतात. म्हणून हे पत्र तक्रार समजून वाचू नका. माझं मागणं एकच आहे. उपचारानंतर पेशंटच्या शरीरसंबंधांचं काय झालं, हे तुम्ही स्वतःहून विचारा. पेशंट विचारेल म्हणून थांबू नका. पुरुष सहसा विचारत नाहीत आणि बायका तर नाहीच नाही.

फॉलोअपला आपण काय काय विचारतो ते आठवून बघा. लघवीला जळजळ होते का, संडासवाटे रक्त जातं का, पाय सुजतो का, भूक लागते का. वजन होतं, आतून तपासणी होते, केसपेपरवर आजार दिसत नसल्याचा शेरा पडतो आणि तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते. मग ती बाई माझ्या टेबलाशी येते. चपला घालायला उगाच वेळ लावते. पाठीमागे कोणी नाही ना, ते बघते. आणि म्हणते, "सिस्टर, एक विचारू का? रागावू नका." पुढचं वाक्य बहुतेक वेळा अर्धंच असतं. "मालक म्हणतात…" किंवा "घरात आता तसं काही…" तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून सुरुवात करते, कारण माझं निम्मं आयुष्य या बायकांमध्ये गेलंय. २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायकांना हा आजार झाला. आपल्याकडे बायका येतात त्या उशिरा, आजार पसरल्यावर. त्यामुळे बहुतेकींच्या वाट्याला ऑपरेशनपेक्षा केमो आणि रेडिएशन येतं. पाच आठवडे बाहेरून, मग तीन-चार वेळा आतून. बायका त्याला शेक म्हणतात, कुणी लाइट म्हणतं. आजार आटोक्यात येतो, त्या घरी जातात. पण त्याच शेकाने योनीमार्गाचा ओलावा जातो, आतलं आवरण पातळ आणि नाजूक होतं, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटायला लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत मार्ग अरुंद आणि आखूड होत जातो. अंडाशयं बंद पडतात, म्हणजे अडतिसाव्या वर्षी पाळी जाते आणि गरम वाफा, झोपमोड, चिडचिड सगळं एकदम अंगावर येतं. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पण हे त्या बाईला कुणी सांगितलेलं असतं का?

तिला कळतं ते पहिल्यांदा नवरा जवळ आल्यावर. दुखतं, थोडं रक्त जातं. रक्त बघून दोघांनाही एकच वाटतं, आजार उलटला. त्यानंतर ती टाळते आणि तो समजून घेतो, किंवा घेत नाही. वर्षभराने ती फॉलोअपला येते तेव्हा तुमचं बोटसुद्धा आत जात नाही आणि तपासणी करताना ती टेबलाची कड घट्ट धरून ठेवते. मार्ग मोकळा ठेवायचा तो काही फक्त नवऱ्यासाठी नाही. तो बंद झाला तर आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, हे तुम्ही बघणार कसं?

डायलेटर, म्हणजे योनीमार्ग मोकळा राहावा म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, हा शब्द आपल्या विभागात सगळ्यांना माहीत आहे. पण तो पेशंटच्या हातात कसा पडतो ते मी बघितलंय. डिस्चार्जच्या गर्दीत, गोळ्यांच्या पाकिटासोबत, "हे वापरा" एवढं बोलून. बाई ती पिशवी ट्रंकेच्या तळाशी ठेवते. एकीने मला सांगितलं, "सासूच्या हाती लागलं असतं तर मी काय सांगितलं असतं?" तिला खाली बसवून सांगायला हवं होतं की हे औषधच आहे. शेक संपल्यावर आतली जळजळ उतरली की काही आठवड्यांत सुरू करायचं, कधी ते डॉक्टर तपासून सांगतील. आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं. पाण्यात विरघळणारी जेली लावायची, पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे, श्वास सोडत हळूहळू आत सरकवायचं, जोर लावायचा नाही. किंचित लालसर डाग लागला तर घाबरायचं नाही, जास्त रक्त गेलं तर यायचं. साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवायचं. आणि घरात दोन खोल्या आणि सात माणसं असतील तर कुठे, कधी, हेही तिच्याशी बोलावं लागतं. कुणी दुपारी सगळे शेतावर गेल्यावर करतं, कुणी मोरीचं दार लावून. हे ठरल्याशिवाय ती डायलेटर वापरणार नाही, कितीही वेळा लिहून दिलं तरी.

विधवा असेल तर हा विषय आपण सरळ गाळतो. तिला काय करायचंय, असं धरून चालतो. मला हे फार खटकतं. एक तर तपासणीसाठी तिलाही त्याची तेवढीच गरज आहे. दुसरं म्हणजे तिला काय करायचंय हे ठरवणारे आपण कोण? लग्न न झालेल्या मुलीचं तेच, एकट्या राहणाऱ्या बाईचं तेच. आणि जोडीदार पुरुषच असेल असंही धरून चालू नका.

आता भीतीचं बोलते. आमच्याकडे येणारे कितीतरी जण उपचारानंतर वेगळे झोपतात आणि त्यातल्या बऱ्याच घरांत कारण त्रास नसतो, गैरसमज असतो. बायकोचा कॅन्सर मला लागेल का? शेकाचा अंश तिच्या अंगात राहतो का, तो मला बाधेल का? जवळ आलो तर आजार पुन्हा उसळेल का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. आपण आतून देतो त्या उपचारात किरणांचा स्रोत काम झालं की बाहेर येतो, मागे काही राहत नाही. आणि संबंधांमुळे आजार उलटत नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण ती दोन मिनिटं न मिळाल्यामुळे ताट-वाटी वेगळी झालेल्या बायका मी बघितल्या आहेत. मी समजावलं तर ऐकतात, मान डोलावतात, पण घरी जाऊन "सिस्टर म्हणाल्या" याला सासरी किंमत नसते. "डॉक्टरांनी सांगितलंय" याला असते. म्हणून शेवटच्या शेकाच्या दिवशी नवऱ्याला आत बोलवा आणि त्याच्यासमोर बोला.

एचपीव्हीचं, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो त्याचं, मात्र जपून. हा विषाणू संबंधांतून पसरतो, एवढं अर्धवट कानावर आलं की घरात खटला उभा राहतो. कुणामुळे झालं, याचा. तेव्हा पूर्ण सांगा. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो आणि कळतही नाही. फार थोड्यांमध्ये तो टिकून राहतो आणि कॅन्सर व्हायला बरीच वर्षं जातात. कुणाकडून कधी आला हे शोधून काढता येत नाही आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हे वाक्य तुमच्या तोंडून स्पष्ट आलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक अवघड आहे. काही बायकांना नवरा दूर गेल्याचं दुःख नसतं. तो थांबत नाही, हे दुःख असतं. शेक चालू आहे, आत सोललेलं आहे आणि रात्री सुटका नाही. अशी बाई नवऱ्याच्या किंवा सासूच्या देखत तुमच्याशी काय बोलणार? एका बाईने मला विचारलं होतं, "डॉक्टरसाहेबांना सांगून कागदावर लिहून मिळेल का, इतके महिने नको म्हणून?" तिला गोळी नको होती, तुमची सही हवी होती. आपल्याला वाटतं लैंगिक आरोग्यावर बोलायचं म्हणजे संबंध पुन्हा कसे सुरू करायचे ते सांगायचं. काही जणींसाठी ते नाही म्हणायचं बळ देणं असतं. म्हणून प्रत्येक पेशंटशी पाच मिनिटं एकटीशी बोला. नातेवाइकांना बाहेर थांबवायला कारण लागत नाही. "आता तपासणी आहे, तुम्ही जरा बाहेर थांबा," एवढं पुरतं.

पुरुषांबद्दल आपण समजतो त्यांना बोलायला सोपं जातं. अजिबात नाही. प्रोस्टेटचे पेशंट बघा. वय अडुसष्ट, सत्तर. आपण मनाशी म्हणतो, आता या वयात काय. ऑपरेशनआधी लघवी गळेल हे सांगितलं जातं, ताठरता जाऊ शकते हे संमतीपत्रावरच्या एका ओळीत असतं आणि त्या ओळीखाली सही मुलगा करवून घेतो. मुलासमोर बाप काय विचारणार? त्याला सांगायला हवं की नसा वाचवून ऑपरेशन झालं तरी त्या सावरायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. रेडिएशनचा परिणाम लगेच दिसत नाही, हळूहळू दिसतो. आणि पुरुषी हार्मोन थांबवणाऱ्या इंजेक्शनांनी इच्छाच मावळते, त्यात बायकोवरचं प्रेम कमी झालं असं काही नसतं. हे शेवटचं बायकोलाही सांगा. मी बघितलेल्या कितीतरी वयस्क बायका हे ऐकून रडल्या आहेत.

आपण बोललो नाही तरी तो माणूस उत्तर शोधतोच. रेल्वेच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' लिहिलेलं असतं आणि आता तेच मोबाइलवर येतं. तो तिथे पैसे घालवतो. किंवा मेडिकलमधून कुणाला न विचारता ताठरतेची, म्हणजे सिल्डेनाफिलची, गोळी घेतो. त्यातल्या कितीतरी जणांचा हृदयाचा उपचार चालू असतो आणि जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी खिशात असते. ती नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तेव्हा गप्प राहणं सुरक्षित आहे, असं समजू नका.

तरुण मुलांचा प्रश्न तर वेळेचा आहे. वृषणाचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, हे विशी-पंचविशीतही होतात आणि चांगले बरे होतात. पहिल्या केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं का, हे विचारायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं पहिल्या केमोच्या आधीच यायला हवीत. नंतर तो लग्नाचा झाल्यावर आईला घेऊन येतो आणि मग आपण सगळेच खाली बघतो. मुलींमध्ये बीजांडं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, खर्चही मोठा आहे, सगळ्यांना झेपणार नाही. तरी विचारा. झेपत नाही हे त्यांना ठरवू द्या.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बाईच्या मनातलं पहिलं दुःख छातीचं असतं, हे सगळ्यांना दिसतं. दिसत नाही तो गोळ्यांमुळे येणारा कोरडेपणा. लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी घेणाऱ्या बायका वर्षानुवर्षं सोसतात आणि वय झालं म्हणतात. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि जेली मिळते, हे त्यांना माहीत नसतं. त्या खोबरेल वापरतात आणि सोबत कंडोम असेल तर तो तेलाने फाटू शकतो, तेही माहीत नसतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी घेणाऱ्या तरुण बाईला वाटतं, पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत. जाऊ शकतात आणि त्या औषधाने गर्भाला धोका आहे. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या तिला चालत नाहीत, तांबी किंवा कंडोम चालतो. हे मी लिहितेय तेवढ्या वेळात सांगून होतं.

तोंडाच्या कॅन्सरवाल्यांबद्दल तर मी कुणाला बोलताना ऐकलंच नाही. आपल्या पुरुषांमध्ये हा केवढा मोठा आजार आहे! जबडा उघडत नाही, लाळ गळते, जखमेचा वास येतो, चेहरा बदललेला असतो. असा माणूस बायकोकडे तोंड करून झोपत नाही. त्याला गाल टेकवायचीही चोरी होते. संडास-लघवीसाठी पोटावर पिशवी लावलेल्यांचंही तेच. पिशवी आधी रिकामी करून, वर पट्टा बांधून जवळ येता येतं, एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. वेळ नाही. खरंच नाही, मी रोज बघते. पण अमेरिकेतल्या जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याची एक चार पायऱ्यांची रीत मांडली, ती आजही वापरतात. पहिली पायरी, या विषयावर बोलायला हरकत नाही असं पेशंटला जाणवून देणं. दुसरी, मोजकी माहिती. तिसरी, त्याच्या त्रासापुरता नेमका सल्ला. चौथी, तज्ज्ञांकडून सविस्तर उपचार. चौथीपर्यंत जावं लागणारे थोडेच असतात. तुमच्याकडून मी पहिली पायरी मागतेय आणि जमलं तर दुसरी. तिसऱ्या पायरीचं बरंचसं आम्ही सिस्टर आणि समाजसेवक करू शकतो. पण पहिलं वाक्य तुमचंच हवं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात हेच लिहिलंय की विषय उपचार करणाऱ्यांनी काढायचा.

आम्हाला हे शिकवलंच नाही, असंही म्हणाल. तेही खरं आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना पेशंटशी संवाद कसा करायचा हे अभ्यासक्रमात आहे. त्यांना ओपीडीत तुमच्या शेजारी बसवता तेव्हा त्यांनी तुमच्या तोंडून हा प्रश्न ऐकला तर ते उद्या विचारतील.

आणि आपल्याकडे हे बोलत नाहीत, हे कारण मला मान्य नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये आणि १९२७ पासून मरेपर्यंत ते मराठीतून या विषयावर मासिक चालवत राहिले. कोर्टात खेचले गेले, पण थांबले नाहीत. शंभर वर्षांनंतर आपण पडद्याआड, पेशंटच्या भल्यासाठी, एक वाक्य बोलू शकत नाही का?

पुरुष डॉक्टर संकोचतात, बाईला गैर वाटेल म्हणून. तो संकोच चांगल्या मनाचा आहे, मी समजू शकते. तेव्हा सिस्टरला शेजारी उभी करा आणि आमच्यासमोर विचारा. मात्र "बाकी काही प्रॉब्लेम नाही ना?" असं नको. त्यावर पेशंट "नाही" म्हणून उठतो. त्याऐवजी म्हणा, "हा शेक घेतलेल्या बऱ्याच बायकांना नवऱ्याजवळ जाताना दुखतं, कोरडं वाटतं. त्यावर उपाय आहेत. तुम्हाला तसं काही होतंय का?" बाबांना म्हणा, "या ऑपरेशननंतर पुष्कळ जणांची ताकद कमी होते. तुम्हाला त्याबद्दल बोलायचंय का? आज नको असेल तर पुढच्या वेळी बोलू." पहिल्या वेळी बहुतेक जण नाहीच म्हणतील. पुढच्या फॉलोअपला पुन्हा विचारा. दार उघडं आहे हे कळलं की माणूस आपल्या वेळेला येतो.

तुम्हाला पटलं तर उद्यापासून एवढं करा. उपचार सुरू होण्याआधी एकदा, संपताना एकदा आणि प्रत्येक फॉलोअपला हा प्रश्न असू द्या. केसपेपरवर लघवी-संडासच्या खाली त्याची एक ओळ छापून घ्या, म्हणजे डॉक्टर बदलला तरी प्रश्न राहील. डायलेटर ब्रॅकीथेरपीच्या फाइलसोबतच द्यायची पद्धत पाडा, तो कसा वापरायचा हे दाखवायला एका सिस्टरची वेळ ठरवून द्या आणि दाराला आतून कडी असलेली एक खोली द्या, कारण आता आम्ही हे औषधांच्या कपाटाआड उभं राहून सांगतो. दुखणं डायलेटरनेही कमी होत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट कुठे बसतात, पुरुषांसाठी युरॉलॉजिस्ट कधी असतात, ते एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आणि पेशंटला आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'समुपदेशन' लिहू नका, आपलं डोकं फिरलंय असं डॉक्टरांना वाटतं असा त्याचा अर्थ पेशंट लावतात. त्यांच्याकडे बघून सांगा की हाही तुमच्या उपचाराचाच भाग आहे, सिस्टर सगळं नीट सांगतील, आणि पुढच्या वेळी मी विचारणार आहे.

आपली नम्र,
रेडिएशन विभागातली एक सिस्टर